केप ऑफ गुड होप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेहून परत आल्यापासून ओळखीतल्या मंडळींनी जे जे विचारलं, त्याची ही उत्तरं एका जागी. काही प्रश्न माझेच आहेत, तिथल्या खडपांवर उभं असताना पडलेले.

आफ्रिकेचं दक्षिण टोक ते हेच ना?

नाही. निम्मे लोक हा प्रश्न विचारतात आणि उरलेले विचारतही नाहीत, धरूनच चालतात. खरं दक्षिण टोक म्हणजे केप अगुल्हास, इथून आग्नेयेला साधारण १५० किलोमीटरवर. केप ऑफ गुड होपचा अक्षांश ३४ अंश २१ मिनिटं दक्षिण, अगुल्हासचा ३४ अंश ५० मिनिटं. म्हणजे अगुल्हास पन्नासेक किलोमीटर जास्त दक्षिणेला आहे.

केपच्या पायथ्याशी, गोट्यांच्या किनाऱ्यावर एक लांबलचक लाकडी पाटी आहे. 'आफ्रिका खंडाचं सर्वांत नैर्ऋत्येकडचं टोक' असं तिच्यावर स्वच्छ लिहिलंय. पाटी खरं बोलते, पण तिच्यामागे उभं राहून फोटो काढायला रांग लागलेली असते आणि रांगेतलं कोणी ती वाचत नाही. माझ्या पुढच्या गृहस्थांनी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावून सांगितलं, "आता पुढे थेट अंटार्क्टिका!" त्यांना दुरुस्त करायचा मोह मी आवरला.

मग नाव याचंच का झालं? अगुल्हासला कोणी विचारत का नाही?

कारण खलाशाला टोकाशी देणंघेणं नसतं, वळणाशी असतं. युरोपातून आफ्रिकेचा पश्चिम किनारा धरून खाली आलेल्या जहाजाला महिनोन्महिने जमीन डाव्या हाताला, दक्षिणेकडे पळत असलेली दिसते. या खडकाशी आल्यावर तो किनारा अखेर पूर्वेकडे वळायला लागतो. शिवाय हा उंच, कातळी सुळका समुद्रातून लांबून ओळखू येतो. अगुल्हास बुटकं, सपाट आहे. तिथे जाऊन आलेले लोक "एवढंच?" असं म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

अगुल्हास म्हणजे काय?

पोर्तुगीज भाषेत सुया. त्या काळी तिथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडेच रोखलेली असे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आता तसं राहिलेलं नाही. पृथ्वीचं चुंबकत्व सरकत असतं.

बार्थोलोम्यू डायसने हा केप शोधला म्हणजे नेमकं काय केलं?

गंमत अशी की जाताना त्याने हा केप पाहिलाच नाही.

ऑगस्ट १४८७मध्ये डायस हा पोर्तुगीज दर्यावर्दी लिस्बनहून निघाला. दोन कॅरावेल, म्हणजे हलकी, वाऱ्याच्या तोंडावरही तिरकी चढू शकणारी गलबतं, आणि शिधासामग्रीचं एक तिसरं तारू. हे तिसरं तारू त्याने वाटेत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नऊ माणसांच्या हवाली केलं आणि दोन गलबतं घेऊन तो पुढे सरकला. जानेवारी १४८८च्या सुमाराला वादळाने गाठलं. शिडं अर्ध्यावर उतरवून ती गलबतं तेरा दिवस दक्षिणेकडे ढकलली गेली. गरम किनाऱ्यांची सवय झालेले खलाशी गारठले. वारा पडल्यावर डायसने नाक पूर्वेकडे वळवलं. किनारा डाव्या हाताला कधीतरी लागायलाच हवा होता, तो लागेना. मग त्याने उत्तर धरली आणि ३ फेब्रुवारीला जमीन दिसली. आज त्या जागेला मॉसेल बे म्हणतात. किनारा आता पूर्व-पश्चिम पसरलेला होता. आफ्रिकेचं वळण मागे कुठेतरी, वादळात, त्यांच्या नकळत पार पडलं होतं. घाटात धुकं असलं की माथा कधी गेला ते कळत नाही, गाडी उताराला लागली की कळतं. तसंच झालं.

किनाऱ्यावर गुरं चरत होती आणि गुराखी होते, म्हणून त्या उपसागराला त्यांनी गुराख्यांचं नाव दिलं. ते गुराखी म्हणजे खोईखोई लोक. ते या परक्यांवर खूश नव्हते. पाणी भरताना त्यांनी दगड मारले, आणि डायसने धनुष्ययंत्राच्या बाणाने त्यांच्यातला एक मारला. युरोप आणि आफ्रिकेच्या या टोकाची ओळख अशी झाली.

डायसला पुढे हिंदुस्थानापर्यंत जायचं होतं, पण खलाश्यांनी पाय मागे घेतले. १२ मार्च १४८८ रोजी क्वाइहूक नावाच्या जागी त्याने राजाच्या नावाचा दगडी स्तंभ उभा केला, आणखी थोडं पुढे जाऊन पाहिलं आणि परत फिरला. हा खडकाळ केप त्याच्या नजरेला पडला तो या परतीच्या वाटेवर.

त्या नऊ माणसांचं काय झालं?

मला या सगळ्या मोहिमेत हाच भाग सर्वांत जास्त आठवतो. डायस परत आला तेव्हा तिघंच जिवंत होते. आणि त्यातला एक, आजारी कारकून, आपली गलबतं आलेली पाहून आनंदाच्या भरातच गेला, असं पोर्तुगीज बखरकार जोआंव द बारुश लिहून ठेवतो.

'गुड होप' हे नाव कोणी ठेवलं? आधी ते वादळांचं भूशिर होतं म्हणतात.

बारुशच्या म्हणण्याप्रमाणे डायसने 'वादळांचं भूशिर' म्हटलं आणि राजा दुसरा जोआंव याने ते बदलून 'चांगल्या आशेचं' केलं, कारण हिंदुस्थानच्या वाटेची आशा आता खरी दिसू लागली होती. शाळेत आपण हीच गोष्ट शिकलो. पण दुआर्त पाशेकु परेरा हा डायसला प्रत्यक्ष ओळखणारा दर्यावर्दी, बारुशच्या बराच आधीचा. तो म्हणतो की आशेचं नाव खुद्द डायसनेच दिलं. भिजलेला खलाशी वादळ म्हणतो आणि कोरड्या महालातला राजा आशा म्हणतो, ही कथा इतकी बेतशीर आहे की मला तिचा संशय येतो. माझं मत परेराच्या पारड्यात.

डायसच्या आधी इथून कोणीच गेलं नव्हतं का?

'गेलं' म्हणजे काय, त्यावर आहे. खोईखोई आणि सान लोक तिथे राहतच होते. त्यांच्या दृष्टीने शोध वगैरे काही लागला नाही, पाहुणे आले.

समुद्रमार्गाचं विचाराल तर दोन जुने उल्लेख फार मजेशीर आहेत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इजिप्तचा राजा नेको याने, म्हणजे इसवी सनापूर्वी ६००च्या आसपास, फिनिशियन खलाश्यांना तांबड्या समुद्रातून आफ्रिकेला वळसा घालायला पाठवलं आणि ते तिसऱ्या वर्षी भूमध्य समुद्रातून परत आले. त्यांनी सांगितलं की आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य उजव्या हाताला होता. हेरोडोटस म्हणतो, यावर माझा विश्वास नाही. पण दक्षिण गोलार्धात इतकं खाली गेल्यावर दुपारचा सूर्य उत्तरेकडे दिसतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून चाललात तर उत्तर उजव्या हातालाच येते. त्याला जे थाप वाटलं, तोच त्या गोष्टीतला सर्वांत पटणारा तपशील आहे.

दुसरा उल्लेख फ्रा माउरो या व्हेनिसच्या संन्याशाने १४५०च्या दशकात केलेल्या जगाच्या नकाशावर आहे. आफ्रिकेच्या टोकाजवळ तो लिहितो की १४२०च्या सुमारास हिंदुस्थानकडचं एक जहाज हे टोक ओलांडून पश्चिमेला गेलं होतं. पुरावा म्हणून हे तोकडं आहे. पण डायसच्या तीसेक वर्षं आधी व्हेनिसमध्ये बसलेल्या माणसाला आफ्रिकेला समुद्राने वळसा घालता येतो असं वाटत होतं, हे त्यातून नक्की दिसतं.

कोलंबसचा इथे काय संबंध?

डायस डिसेंबर १४८८मध्ये लिस्बनला परतला, त्याची नोंद कोलंबसच्या संग्रहातल्या एका पुस्तकाच्या समासात सापडते. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेची वाट मिळाल्यात जमा होती, मग पश्चिमेकडून जाऊ म्हणणाऱ्या माणसावर तो पैसे कशाला लावेल? कोलंबसने आपलं घोडं स्पेनच्या दारात बांधलं.

वास्को द गामा डायसच्याच वाटेने गेला का?

नाही, आणि त्यातच त्याचं कौशल्य होतं. किनाऱ्याला चिकटून गेलं की वारा आणि प्रवाह दोन्ही तोंडावर येतात, हे डायसच्या हाल-अपेष्टांतून कळलं होतं. गामा ८ जुलै १४९७ला निघाला. केप व्हर्दे बेटांनंतर त्याने किनारा सोडला आणि अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे प्रचंड वळसा घेतला. ऑगस्टच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, तीन महिने जमीन दिसली नाही. कोलंबसला कॅनरी बेटं सोडल्यावर पाचेक आठवड्यांत किनारा लागला होता, त्यावरून अंदाज घ्या. केप दिसल्यावरही वारा उलटा, म्हणून काही दिवस त्याच्यापुढे येरझारा घालाव्या लागल्या. २२ नोव्हेंबरला तो पार झाला आणि २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ पोहोचला.

डायस पुढे हिंदुस्थानात आला का?

नाही आला. गामाची जहाजं बांधून घेण्यात त्याचा हात होता, मोहिमेबरोबर तो थोडं अंतर गेलाही, पण मान दुसऱ्याला मिळाला. १५००मध्ये काब्राल या पोर्तुगीज सेनानीच्या १३ जहाजांच्या ताफ्यात तो होता. हा ताफा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून मग केपकडे वळला. मे महिन्यात वादळात चार जहाजं बुडाली, त्यातलं एक डायसचं. केपच्याच पाण्यात.

आपल्या कोकणाचा यात काय संबंध?

खूप. इथे जरा थांबून सांगतो, कारण आपल्या पुस्तकांत ही दोन टोकं कोणी जोडत नाही.

फ्रांसिस्कु द अल्मेदा हा पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय. मार्च १५०८मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी झालेल्या लढाईत त्याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. बाप सूडाला पेटला. त्या वर्षाच्या अखेरीस त्याने दाभोळ गाठलं, वाशिष्ठीच्या मुखावरचं तेव्हाचं भरभराटीचं बंदर, आणि ते जाळलं. बायका-मुलांनाही सोडलं नाही. मग फेब्रुवारी १५०९मध्ये दीवला शत्रूचं आरमार बुडवलं. पुढे कारभार आफोंसु द आल्बुकर्ककडे सोपवून तो मायदेशी निघाला.

वाटेत पाणी भरायला तो केपजवळच्या टेबल बेमध्ये थांबला. तिथे खोईखोईंशी आधी देवाणघेवाण झाली, मग भांडण. पोर्तुगीज गावात घुसले, गुरं आणि मुलं घेऊन निघाले. खोईखोईंनी आपल्या गुरांनाच पुढे घालून, त्यांच्या आडून, दगडांनी आणि भाल्यांनी हल्ला केला. वाळूत पाय रुतलेल्या, होड्या दूर असलेल्या त्या सैनिकांचं काही चाललं नाही. १ मार्च १५१० रोजी अल्मेदा आणि त्याच्याबरोबरचे साठाहून जास्त लोक तिथेच पडले. त्याच आठवड्यांत आल्बुकर्क पहिल्यांदा गोव्यात शिरलेला होता.

दाभोळच्या लोकांपर्यंत ही बातमी पोहोचली असेल का, हा विचार मला तिथे उभं असताना सारखा येत होता. त्यानंतर पोर्तुगीज जहाजं बराच काळ टेबल बे टाळून पुढे जायची. म्हणूनच तिथे पहिलं ठाणं पोर्तुगिजांचं झालं नाही, डचांचं झालं, तेही थेट १६५२मध्ये.

आणि काजू, बटाटा वगैरे याच वाटेने आले ना?

हो. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघायचं, केपला वळसा घालायचा, आणि नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन पावसाळा सरता सरता गोव्याला लागायचं, असं दरवर्षीचं वेळापत्रक होतं. काजू, अननस, मिरची, तंबाखू हे अमेरिकेचं, पण पोर्तुगिजांच्या हाती लागून इकडे आलं. पाव, चावी आणि पगार हे शब्दही त्याच जहाजांतून उतरले. पगाराची वाट पाहणं मात्र आपलं स्वतःचं.

उलट दिशेने आपली माणसं तिकडे गेली का?

गेली, आणि बहुतेक मर्जीने नाही. १४९८मध्ये गामा परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी करत होता. तेव्हा गोव्याच्या अधिपतीच्या चाकरीतला एक ज्यू माणूस त्याच्याकडे आला. गामाने त्याला हेर ठरवून पकडलं, छळलं आणि सोबत नेलं. मार्च १४९९मध्ये ती जहाजं केप ओलांडून गेली, म्हणजे गोव्याहून निघून हे भूशिर पार केलेला नाव माहीत असलेला तो बहुधा पहिलाच. लिस्बनला त्याचं नाव गास्पार द गामा झालं, आणि पुढे तो दुभाष्या म्हणून काब्रालबरोबर परतही आला.

डचांच्या काळात बंगाल, मलबार आणि कोरोमांडल किनाऱ्यावरून गुलाम करून माणसं केपला नेली. त्यांची आडनावं मुलखावरून पडली : 'फान बेंगालेन', 'फान मलबार'. आजच्या केप टाऊनच्या कितीतरी घराण्यांच्या मुळाशी ही माणसं आहेत.

दोन महासागर तिथे मिळतात, पाण्याचे दोन रंग दिसतात, हे खरं?

रेघ वगैरे काही दिसत नाही. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेच्या मते अटलांटिक आणि हिंदी महासागराची हद्द अगुल्हासच्या रेखांशावर, २० अंश पूर्वेला आहे. प्रत्यक्षात पूर्वेकडून येणारा उबदार अगुल्हास प्रवाह आणि पश्चिमेचा थंड बेंग्वेला यांची गाठ कधी इकडे, कधी तिकडे पडते. पण हाताला फरक जाणवतो. फॉल्स बेच्या बाजूला पाण्यात पाय घालून उभं राहता येतं. अटलांटिकच्या बाजूला मी घोट्यापर्यंत गेलो आणि दुसऱ्या लाटेला बाहेर आलो. त्या थंड पाण्यात केल्प नावाचं जाड समुद्री शेवाळ वाढतं. बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी देठं लाटेबरोबर उठतात, खडकावर आपटतात आणि परत खाली जातात. वास आपल्या सुक्या म्हावऱ्याचा नाही, औषधी, आयोडीनसारखा.

फॉल्स बे म्हणजे खोटी खाडी? खोटी का?

पूर्वेकडून परतणारे खलाशी हँगक्लिप हे अलीकडचं टोक पाहून केप आलाच असं समजत आणि लवकर उत्तरेला वळत. मग पुढे भिंत.

तिथल्या समुद्राचा इतका धसका का?

अगुल्हास प्रवाह जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी आहे, किनाऱ्याच्या कडेने नैर्ऋत्येकडे वाहतो. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा नेमक्या नैर्ऋत्येकडूनच येतात. दोघं समोरासमोर भिडले की लाट आखूड आणि उभी होते, पुढे खड्डा आणि मागे भिंत. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि बाहेरची लाट भिडते तेव्हा मचव्याची काय गत होते ते आपल्या तांडेलांना विचारा, आणि ते शंभरपट करा. सर्वांत वाईट पट्टा खरं तर केपच्या पूर्वेला आहे. केपजवळ वेगळा धोका : पाण्याखालचे खडक आणि धुकं.

दोन दीपगृहं का आहेत?

कारण पहिलं चुकलं. केप पॉइंट हा शेजारचा उंच कडा, तिथे १८६०मध्ये समुद्रसपाटीपासून २३८ मीटरवर दिवा लावला. जितका उंच तितका लांब दिसेल, हा हिशेब. पण तिथे ढग खाली उतरतात आणि दिवा ढगात जातो. एप्रिल १९११मध्ये 'लुझिटानिया' नावाचं पोर्तुगीज प्रवासी जहाज रात्री धुक्यात बेलोज रॉकवर आदळलं. (टॉर्पेडोने बुडालेली ती 'लुझिटानिया' वेगळी, ब्रिटिश.) बहुतेक प्रवासी वाचले. मग खाली, अवघ्या ८७ मीटरवर, नवं दीपगृह बांधलं, ते १९१९पासून चालू आहे. जुन्यापाशी आता पर्यटक फोटो काढतात.

सुएझ झाल्यावर केपचं महत्त्व संपलं असेल.

१८६९नंतर कमी झालं, संपलं नाही. १९६७ ते १९७५ सुएझ बंद होता तेव्हा सगळी वाहतूक इथूनच. आणि २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर कंपन्यांनी पुन्हा केपची वाट धरली. नाशिकची द्राक्षं न्हावा शेवाहून युरोपला जाताना त्या हंगामात याच खडकाला वळसा घालून गेली, दहा ते पंधरा दिवस जास्त, आणि भाडंही चढं. द्राक्ष बागायतदाराला केप ऑफ गुड होप कुठे आहे हे आता भूगोलाच्या पुस्तकातून शिकवायला नको.

बघायला काय आहे? माकडं त्रास देतात का?

केप टाऊनपासून गाडीने दीड-दोन तास धरा. संरक्षित क्षेत्र आहे, तिकीट लागतं. खडक वाळूचा, टेबल माउंटनच्या जातीचा, त्यावर फिनबॉस नावाची खुरटी, बारीक पानांची झुडपं. लांबून रत्नागिरीच्या सड्यासारखं वाटतं, जवळ गेलं की एकही झाड ओळखीचं नाही. किनाऱ्यालगत शहामृगं चरत असतात. बबून मात्र त्रास देतात, माकड म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आमच्यासमोर एकाने गाडीचं दार उघडलं, चिवड्याचा पुडा निवडून घेतला आणि टपावर बसून शेंगदाणे वेचून खाल्ले. डाळं टाकून दिलं. टोपीला दोरी बांधा, वारा सोडत नाही.

तिथे आपल्या भागातलं कोणी भेटतं का?

भेटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली कोकणी मुसलमान कुटुंबं केप टाऊनला जाऊन राहिली. वुडस्टॉक, सॉल्ट रिव्हर, डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्त्यांत त्यांनी दुकानं थाटली. १९६६नंतर वर्णभेदी सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स रिकामं करायला घेतलं तेव्हा अनेकांना उठावं लागलं, तरी समाज शहरात टिकून आहे. ज्या सॉल्ट नदीच्या मुखाजवळ अल्मेदा पडला, तिचंच नाव त्या वस्तीला आहे. तिथल्या एका किराणा दुकानात मी पाण्याची बाटली घेतली. गल्ल्यावरच्या चाचांनी गाव विचारलं. मी चिपळूण म्हटलं, तर ते म्हणाले, "मग दाभोळ काय, खालीच."